एक काना जास्त

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. सकाळचे ९ वाजून १० मिनिटे.

तिसऱ्या बरणीतले बेडूकमासे मोजत होतो. काल तीस होते, आज अठ्ठावीस. दोनदा मोजले, दोन्ही वेळा अठ्ठावीस आले, तरी तिसऱ्यांदा मोजले. तेवढ्यात श्रेया मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "आदिनाथ, बेडकांचं एवढं लिहितोस, स्वतःचं पण लिहीत जा की." म्हणून ही वही.

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात लागून बारा दिवस झाले. मॅडम पीएचडी करतात, मी त्यांचा मदतनीस. तीन बरण्यांतले पाणी बदलणे, उकडलेला पालक घालणे, मोजणे, लिहिणे. पहिल्या बरणीत साधे पाणी आहे. दुसरीवर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'संप्रेरक, ५ थेंब'. हा शब्द मला नवीन होता म्हणून विचारला. "हार्मोन," मॅडम म्हणाल्या. "शरीरातला निरोप्या. रक्तातून फिरतो आणि सांगतो, चला, आता मोठं व्हा." तिसरीत काय आहे ते त्यांनी सांगितले नाही. मोजणाऱ्याला आधी माहीत असले की मोजणी वाकडी होते म्हणे. हे मला पटले.

माझी नववी अर्धीच झाली. दिवाळीनंतर आम्ही मेंढरांमागे रानात जायचो, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाचा मागचा भाग माझा कोरा आहे. पण शुद्धलेखनात मी वर्गात पहिला होतो. मॅडमनी मला अर्जातले अक्षर बघूनच ठेवले.

१५ ऑगस्ट, गुरुवार.

झेंडावंदन करून परत बरण्यांपाशी आलो. दुसऱ्या बरणीतल्या सगळ्यांना मागचे पाय फुटले आहेत आणि शेपट्या आखूड झाल्या आहेत. पहिल्या बरणीत एकालाही पाय नाही. सगळे एकाच डबक्यातले, एकाच दिवशी आणलेले. पाच थेंबांनी एवढा फरक.

मला वाटायचे शेपूट गळून पडते. तळाशी शोधली, एकही सापडली नाही. मॅडम हसल्या. "गळत नाही रे. निरोप आला की आतले एन्झाइम कामाला लागतात आणि शेपूट आतूनच विरघळवतात. तेच सामान पाय करायला वापरतात." म्हणजे स्वतःला खाऊन स्वतःला वाढवायचे. दिवसभर हेच डोक्यात होते. मुकुंदवाडीच्या खोलीवर गेल्यावर पाठीला हात लावून बघितला. कुणी बघत नव्हते.

मॅडम आणखी एक बोलल्या ते लिहून ठेवतो. शेपटीतल्या पेशींना मरायचा निरोप वेळेवर येतो. म्हातारपणी मेंदूतल्या पेशी अवेळी मरतात, त्यांना निरोप कोण देतो हे अजून कुणाला नीट कळलेले नाही. "माझी पीएचडी त्याच्या लई अलीकडे संपणार आहे," त्या म्हणाल्या.

१८ ऑगस्ट, रविवार.

गावी जाऊन आलो. सिल्लोडला उतरून तीन किलोमीटर चालावे लागते.

आबांचे, म्हणजे वडिलांचे, मला बरे दिसले नाही. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की कोंडलेली कोकरे सोडतात आणि प्रत्येक कोकरू आपल्या आईला लावतात. आबा हे काम डोळे झाकून करायचे. काल त्यांनी एक भुरे कोकरू दुसऱ्याच मेंढीखाली धरले. मेंढीने ढुशी दिली. त्यांनी पुन्हा तिलाच लावले. माय म्हणाली, "आवं, तिचं नाय ते." आबा म्हणाले, "मग कुनाचं?" त्यांनी थट्टेने विचारले असे मला आधी वाटले.

अजिनाथ भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "पंधरा दिवसांत दोनदा कळप दुसऱ्याच्या रानात घातला. हात थरथरत्यात. दसऱ्याला सगळी मेंढरं विकून टाकू."

"आणि आबा काय करतील?"

"बसतील घरी."

आबा घरी बसलेले मी कधी बघितलेले नाहीत. भाऊनेही बघितलेले नाहीत.

२३ ऑगस्ट, शुक्रवार.

मोजणी संपली. पुढच्या महिन्यात कॉलेजात विज्ञान मेळावा आहे, त्याचा तक्ता मला टाइप करायला दिला. मजकूर मॅडमचा. "शुद्धलेखन तू बघ, मला घाई आहे," असे त्या म्हणाल्या. मला आनंद झाला.

तिसऱ्या बरणीत कीटकनाशक होते, अगदी किंचित. हे तक्त्यावरूनच कळले. तरीच ती पिल्ले वाकडी पोहायची आणि गोल फिरायची.

मॅडमनी सात ठिकाणी 'विकार' शब्दातला काना खाल्ला आहे. घाईत होते असे. सातही ठिकाणी दुरुस्त केला. एका जागी वाक्य होते, 'तिसऱ्या बरणीतील पिल्लांच्या मेंदूत विकर कमी आढळले.' विकार पुल्लिंगी, म्हणून 'विकार कमी आढळला' असे केले. वाकडी पोहणाऱ्यांत विकार कमी कसा, हे जरा विचित्र वाटले. पण निष्कर्ष मॅडमचा आहे. माझ्याकडे फक्त शुद्धलेखन.

२६ ऑगस्ट, सोमवार.

आबांविषयी मॅडमना सांगितले. त्या स्वतः शेतकऱ्याच्या घरच्या आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी कीटकनाशक वापरता?"

"नाही मॅडम. आमच्याकडे कापूसच नाही."

"मेंढ्यांना गोचीड होत असतील ना?"

"होतात. त्याला औषध लावतो."

"कसं?"

"बादलीत कालवायचं आणि बोळ्याने अंगाला चोळायचं. आबाच लावतात सगळ्या कळपाला, दर पावसाळ्यात."

"हातात काय घालतात?"

मी म्हणालो, कडं. त्यांना मोजे म्हणायचे होते.

त्यांनी औषधाचे नाव विचारून लिहून घेतले. मेंदूच्या डॉक्टरांना त्या ओळखतात, त्यांच्याकडे गुरुवारी आणायला सांगितले.

२९ ऑगस्ट, गुरुवार.

आबांना घेऊन क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात गेलो. माय पण आली. डॉक्टर चांगले आहेत, घाई करत नाहीत.

"बाबा, आज तारीख कोणती?"

"ती ह्यो लिव्हतो," आबा माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"वार कोणता?"

"उपास नाय आज. म्हंजी सोमवार नाय."

"शंभरातून सात गेले, किती राहिले?"

आबांनी बोटांवर मोजायला घेतले. मग म्हणाले, "कुनाच्या कळपातले?"

डॉक्टर हसले, पण कागदावर शून्य लिहिले. मी बघितले. मला राग आला, कारण दोन वर्षांपूर्वी आबांनी हिशेब सांगितला असता. मग राग कशाचा आला तेच कळेना.

विसराळूपणावर रोज एक गोळी दिली. मॅडमच्या सांगण्यावरून रक्ताची एक तपासणीही लिहिली. तपासणीचे नाव इंग्रजीत आहे, मला लागले नाही.

जाताना आबा म्हणाले, "आद्या, गोचिडाचं औषध संपलंय. गणपतीच्या आधी एक बाटली आन."

२ सप्टेंबर, सोमवार.

मॅडम हैदराबादला गेल्या, आठवडाभर नाहीत. माझ्या टेबलावर रक्ताचा अहवाल ठेवून गेल्या आहेत. आकडा १९१२. त्याच्यापुढे छापलेले, ५३०० ते १२९००. खाली मॅडमच्या अक्षरात मराठीत: 'डॉक्टरांशी फोनवर बोलले. विकर फार कमी आहे. औषध पूर्ण बंद. तीन आठवड्यांनी रक्त परत तपासणे.'

पुन्हा तोच काना. पेनाने दिला.

विकार फार कमी आहे. हे वाक्य मी चार वेळा वाचले. आकडाही कमीच आहे. साखर काय, बीपी काय, कमी असलेले बरेच. भाऊला लगेच फोन केला, गोळ्या बंद करा. माय मागून विचारत होती, "काय म्हनतोय त्यो?" भाऊ म्हणाला, "आजार लई कमी हाय म्हनं. गोळी पन बंद." मायने मग फोन हातात घेतला आणि मी जेवलो का ते विचारले.

५ सप्टेंबर, गुरुवार.

औषधाची बाटली गावी पोचवली. आबांनी झाकण उघडून वास घेतला, म्हणाले, "ताजं हाय." लगेच बादली मागितली. मला कामावर यायचे होते म्हणून थांबलो नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार.

मॅडम आल्या. आल्या आल्या विचारले, "चिठ्ठीतलं केलंस ना?"

"हो मॅडम. त्याच दिवशी औषध बंद केलं."

"शाब्बास. बाबा कसे आहेत?"

"तुमच्यामुळे बरे आहेत," मी म्हणालो. खरे तर मी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या बरणीतला एक, आता बेडूकच म्हणायला हवा, जाळी सरकवून बाहेर पडला होता. कपाटामागे सापडला. नखाएवढा आहे. शेपटीच्या जागी साधा ठिपकाही उरलेला नाही.

१५ सप्टेंबर, रविवार.

गावी गेलो. आबांचे दुखणे वाढले आहे.

ओठ आपोआप उडतात. घाम येतो. तोंडातून लाळ गळते आणि त्यांना ते कळत नाही. मंगळवारी कळप घेऊन गेले आणि जळगाव रोडला पुलाजवळ बसून राहिले. मेंढरे आपली आपण घरी आली. आमच्या गावचे कडुबा गाडीवर बसवून त्यांना घेऊन आले. म्हणाले, "मुंजाबा, मेंढरांनी तुला सोडून दिलं का तू मेंढरांना?" आबांना हसू आले नाही, म्हणून कडुबाही थांबले.

भाऊ म्हणाला, "तुझा कागद तर म्हनतो कमी हाय."

"कागद खोटं कसं सांगेल?" मी म्हणालो. "उतरायला वेळ लागत असेल."

भाऊने व्यापाऱ्याला दसऱ्याचा शब्द दिला. सगळी शहात्तर मेंढरे.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

आज मेळावा होता. घडले तसे लिहितो.

तक्ता सकाळीच छापून आला आणि मी लावला. मॅडम पाहुण्यांसोबत होत्या. साडेअकराला शाळेच्या मुली आल्या. सृष्टी नावाची दहावीतली एक मुलगी तक्ता बोट फिरवत वाचत होती. ती म्हणाली, "दादा, हे विकार चुकलंय. विकर पाहिजे."

"विकर असा शब्दच नाही," मी म्हणालो. मला बरे वाटले नाही. शुद्धलेखनात मला कुणी असे बोलत नाही.

"हाय की. एन्झाइम."

तिची मैत्रीण म्हणाली, "अगं, ह्यांच्या बेडकांना विकार झालाय, ऱ्हाऊ दे." सगळ्या हसल्या. सृष्टीने दप्तरातून पुस्तक काढले. पुस्तकाच्या मागच्या अर्ध्यात तो शब्द होता. एकदा नाही, पानभर होता. विकर. विकरे. विकरांमुळे.

मी तक्त्याकडे बघितले नाही. मला अहवाल आठवला.

विकर फार कमी आहे.

मॅडमना पाहुण्यांमधून हाक मारली. असे मी कधी केले नसते. तेव्हापासून खिशातच असलेला अहवाल मी काढून दिला; त्यांनी तो बघितला आणि काना कुणी दिला ते विचारले. मी म्हणालो, मी दिला. त्यांनी विचारले, "मग बंद काय केलंस?" मी म्हणालो, गोळ्या. त्या म्हणाल्या, "अरे, औषध म्हणजे गोचिडाचं. तूच त्याला औषध म्हणालास, म्हणून मी तेच लिहिलं."

मग त्यांनी तिथेच मला समजावले, कारण मी घरी काय सांगणार होतो? एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते. निरोप पोचला की एक विकर तो पुसून टाकते. गोचिडाचे औषध त्या विकरालाच धरून ठेवते. निरोप पुसला जात नाही, वाजतच राहतो, आणि गोचीड मरते. तिसऱ्या बरणीत तेच होते. आबांच्या रक्तातही तेच.

आबा शीळ घालतात तेव्हा कळप वळतो. ती शीळ थांबलीच नाही तर मेंढरे गोल गोल फिरत राहतील. मला ते असे समजले.

भाऊला फोन केला. म्हणालो, आबांचे हात साबणाने धू, अंगावरचे कपडे बदल, बाटलीला त्यांना हात लावू देऊ नको. भाऊ म्हणाला, "कालच दुसऱ्यांदा लावलं त्यांनी. गोचीड जात नव्हते." डॉक्टरांनी आजच आणायला सांगितले. गाडी करून आणले. दोन दिवस दवाखान्यात ठेवणार आहेत.

जो शब्द माहीत नव्हता तो मी विचारला. जो माहीत आहे असे वाटले तो विचारला नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार.

डॉक्टरांना मी सगळे सांगितले. ते म्हणाले, निदान गोळी थांबली ते बरे झाले. विसराळूपणाची ती गोळीही त्याच विकराला दाबते, फक्त मोजून आणि हलक्या हाताने, म्हणजे निरोप थोडा जास्त वेळ टिकावा. आबांचे आधीच दबलेले होते. गोचिडाच्या औषधाचे तेव्हा कळताच गोळी बंद करा असे फोनवर सांगायला हवे होते, ते राहिले, हेही त्यांनीच कबूल केले. एकच विकर. थोडे दाबले तर आठवण टिकते, फार दाबले तर माणूस पुलाजवळ बसून राहतो. हे ऐकताना मी क्षणभर आबांना विसरून नुसता नवल करत राहिलो. याची लाज वाटते, पण तसे झाले हे खरे आहे.

दुपारी आबांना सांगितले. चिठ्ठी दाखवली, काना दाखवला. माय शेजारी होती.

आबांनी त्या रेघेवरून बोट फिरवले. म्हणाले, "आमच्यात कुनाला वाचाया येत नाय. म्हनून तुझ्यावर सोडलं व्हतं."

मला वाटले याहून जास्त बोलतील. माय म्हणाली, "त्याला काय बोलता? बाटली उघडून वास कुनी घेतला? म्या घेतला का?" आबा म्हणाले, "तू तर कायच घेत नाय. नुसती बोलती." आणि दोघे भांडायला लागले. मी पाणी आणायला उठलो आणि जिन्यात बराच वेळ उभा राहिलो.

२३ सप्टेंबर, सोमवार.

तक्ता फाडून नवा छापून घेतला. मॅडम मला काढतील असे वाटत होते. त्या म्हणाल्या, "चूक अर्धी माझी. मराठीत लिहिते म्हणून शहाणी समजत होते स्वतःला. आणि छापायच्या आधी मी वाचायला पाहिजे होतं." मग म्हणाल्या, "यापुढे शब्द बदललास की बाजूला आधीचा पण लिहायचा."

१० ऑक्टोबर, गुरुवार.

गावी आलो. आबांची लाळ गळायची थांबली. हात कमी थरथरतात. पण मला आज दोनदा अजिनाथ म्हणाले, आणि सकाळचे जेवण दोनदा मागितले. मायने दोनदा वाढले.

भाऊने व्यापाऱ्याला दिवाळीपर्यंत थांब म्हणून सांगितले आहे. म्हणाला, "तवर बघू. नायतर इकायचीच."

१४ ऑक्टोबर, सोमवार.

नवा अहवाल. आकडा ४१०५. या वेळी बोट ठेवून वाचला आणि मॅडमना फोन करून पुन्हा वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाले, विकर भरून येईल, शरीर ते नवे करते. मेंदूचे किती भरून येईल ते आज सांगता येत नाही. काही नुकसान औषधाचे असेल, काही वयाचे, दोन्ही वेगळे करायला सहा महिने लागतील.

सहा महिने म्हणजे दिवाळीच्या पुढे पाच.

२० ऑक्टोबर, रविवार. दुपारचे ४.

गोचीड पुन्हा झाले होते. आज कळपाला औषध मी लावले. डॉक्टरांना विचारून कमी धोक्याचे दुसरे औषध आणले. कोपरापर्यंत रबरी मोजे, तोंडाला फडके, पायात बूट. भाऊ मेंढी धरून देत होता. आबांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब बाभळीखाली बसवले. तिथून त्यांची बडबड चालू होती.

"कानामागं लाव. गोचीड काय पाठीवर बसतंय व्हय?"

"लावतोय आबा."

"ल्योक मेंढी धुतोय का लगीन लावतोय? आटप."

दर मेंढीमागे मी वहीत एक खूण करत होतो. मोजा काढायचा, खूण करायची, मोजा घालायचा. त्यामुळे वेळ लागत होता. एकसष्ट खुणा झाल्या तेव्हा भाऊने एक काळ्या तोंडाची मेंढी ओढून आणली.

"ती झाली," आबा बाभळीखालून म्हणाले.

"नाही आबा, वहीत नाही."

"झाली म्हनलं ना. त्या शिंगमोडीच्या मागून धरली व्हती."

भाऊने माझ्याकडे बघितले. मी वही बघितली. शिंगमोडीची खूण होती, तिच्यापुढची खूण दुसऱ्या मेंढीची होती. भाऊ हळूच म्हणाला, "लाव परत, त्यांचं नको ऐकू." पण औषध दोनदा लागले तर मेंढीच्या शरीरातले विकरही तसेच दबेल.

मोजा घातलेला हात मी तिच्या पोटाखाली घातला. लोकर ओली होती.

भाऊला दाखवले. त्याने स्वतः हात लावायला पुढे केला, मी अडवला, तेव्हा त्याने काठीने लोकर बाजूला करून बघितली. मग मेंढी सोडून दिली आणि दुसरी आणायला गेला.

वहीत बासष्टावी खूण केली. बाजूला लिहिले, 'ही माझ्याकडून राहिली होती. आबांनी सांगितली.'